फायरवॉल बसवायच्या आदल्या संध्याकाळी

घरच्या नेटवर्कवर पहारा ठेवणारी फायरवॉल जुन्या राउटरच्या जागी बसवायची म्हणून घेतलेला नवा मिनी पीसी (छोटा संगणक) हातात आला की लगेच तारा उपसायचा मोह होतो. तो एक दिवस आवरा. जुना राउटर बंद केला की घरातलं नेट जातं, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी शोधायची वेळ येते. म्हणून ओपीएनसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरची इमेज फाइल आधीच उतरवून, चेकसम (फाइल नीट उतरली का हे पडताळायचा आकडा) ताडून पेनड्राइव्हवर लिहून ठेवा. मिनी पीसीला मॉनिटर जोडणार असाल तर 'व्हीजीए' नावाची फाइल घ्यायची. मोबाइलचा डेटा शिल्लक आहे ना, तेही बघा.

सगळ्यात जास्त वेळ इंटरनेट कंपनीकडून माहिती मिळवण्यात जातो, म्हणून फोन आधी तिथे लावा. तुमचं कनेक्शन पीपीपीओई (लॉगिन करून जोडायचं) असेल तर युजरनेम, पासवर्ड आणि असल्यास व्हीएलएएन (एकाच तारेवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क) क्रमांक लागतो. फायबरची पेटी ब्रिज मोडला टाकून देतील का, म्हणजे ती स्वतः राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देईल का, हे विचारा. त्याच पेटीला लँडलाइन जोडलेली असेल तर ब्रिज केल्यावर ती चालू राहील का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. घरात वयस्कर माणसं असतील तर हा प्रश्न नेटइतकाच महत्त्वाचा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा (कंपनीकडच्या, बाहेरच्या बाजूचा) पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही बहुधा कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. मग बाहेरून घरचा कॅमेरा बघायला राउटरवर नुसतं पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून भागणार नाही.

आता पत्त्यांचा घोळ, कारण बहुतेक जण अडकतात ते इथेच. ओपीएनसेन्स आपल्या लॅनला (घराच्या बाजूला) 192.168.1.1 हा पत्ता घेतो आणि कंपनीच्या कितीतरी पेट्यांचा पत्ताही तोच असतो. ब्रिज मोड मिळाला नाही, तर फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क होतं आणि काहीच चालत नाही. घरासाठी 192.168.20.1 सारखा वेगळा पत्ता आत्ताच ठरवून टाका. प्रिंटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) अशा ज्या वस्तूंना पत्ता हाताने दिलेला आहे, त्यांची नावं वहीत लिहा. त्या एकेक करून बदलाव्या लागतील.

जुना राउटर वायफायपुरता ठेवायचा असेल तर त्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, त्याला नव्या नेटवर्कमधला मोकळा पत्ता द्यायचा आणि तार त्याच्या वॅनमध्ये नाही, लॅनच्या भोकात लावायची. वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवा, म्हणजे टीव्ही आणि घरातले सगळे फोन पुन्हा जोडत बसावं लागत नाही.

वीज जाते त्या गावात आणखी दोन गोष्टी: मिनी पीसीच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा, आणि इन्स्टॉल करताना झेडएफएस ही डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत निवडा. अचानक वीज गेली तरी डिस्कवरच्या फाइली बिघडायचा धोका त्यात कमी.

जुन्या जोडणीचा फोटो काढा, तारांना चिठ्ठ्या चिकटवा, जुन्या राउटरच्या सेटिंगचा बॅकअप घ्या. कुणाची परीक्षा किंवा मीटिंग नाही असा दिवस निवडून घरात सांगून ठेवा. पहिल्या दिवशी फक्त वॅन, लॅन आणि रूटचा (मुख्य खात्याचा) नवा पासवर्ड, एवढंच करा. कॅमेऱ्यांसाठी वेगळा व्हीएलएएन पुढच्या रविवारी.