पुण्यात खोली घेताय? आधी खिडकीचा रंग बघा

डिपॉझिट किती, पाणी किती वाजता येतं, पार्किंगवरून घरमालक कसा भांडतो, हे लातूर-परभणीहून आलेल्याला पहिल्या आठवड्यात कळतंच. घरात रांगतं लेकरू असेल तर जुन्या रंगातल्या विषारी शिशाचं (लेडचं) मात्र कुणी सांगत नाही.

कसबा, शनिवार, नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम लागू झाला २०१७ मध्ये. त्याआधीचा पिवळा, केशरी, लाल, हिरवा रंग शिशाचाच समजून चाला. रंग धड असेल तर खरवडू नका, त्यावरच नवा हात मारा. पोपडे निघत असतील तर कोरडं घासू नका. पेंटर पॉलिश पेपरने खसाखसा घासतो, घरमालक ‘लवकर उरका’ म्हणतो आणि पूड फरशीवर बसते. तीच पोराच्या हातातून तोंडात जाते. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगात साधारण दहावा हिस्सा मुरतो, लहान मुलाच्या जवळपास निम्मा.

काम चालू असेपर्यंत मूल आणि गरोदर बाई नातेवाइकांकडे. फरशीवर जाड प्लॅस्टिक, कडा टेपने बंद. पाणी फवारून वॉटर पेपरने घासायचं, ब्लोलॅम्पने रंग जाळायचा नाही. नंतर झाडू नाही. साबणाच्या पाण्याने पुसायचं, फडकं दुसऱ्या बादलीत खळबळायचं. खिडकीच्या खाचा दोनदा, कारण उघडझाप करताना रंग तिथेच दळला जातो. वाडा पाडताना निघालेली रंगीत फळकुटं फुकट मिळाली म्हणून बंबात घालू नका. पुन्हा सांगतो, कोरडं घासू नका.

आपल्या भागातली पोरं भंगारात लागली की इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटऱ्या खोलीमागेच फोडायला बसतात. दोन पैसे सुटतात खरे, पण ती माती लेकरांच्याच खेळायची. हे काम घराजवळ नकोच. कामाचे कपडे कामावरच बदला, अंघोळ करूनच मुलाला उचला.

वसमतकडची घरची हळद येत असेल तर सोडू नका. सुट्या पिवळ्याधमक हळदीत लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाच्या पिवळ्या रंगाची, भेसळ सापडते. भांड्यांना कल्हई शुद्ध कथलाचीच, शिसं मिसळलेली नको.

लक्षणांची वाट बघू नका, बहुतेकदा ती नसतातच. बालरोगतज्ज्ञांकडून ‘ब्लड लेड’ (रक्तातल्या शिशाची तपासणी) लिहून घ्या आणि रक्त शिरेतून द्या. बोटाला टोचून काढलं तर कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं, तर शिसं येतंय कुठून ते शोधून बंद करायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसं बाहेर काढायचं औषध साधारण ४५ मायक्रोग्रॅमपासून, तेही दवाखान्यातच. ‘डिटॉक्स’वाल्यांना पैसे देऊ नका. त्याच वेळी हिमोग्लोबिनही बघून घ्या, लोह कमी असलं की शिसं जास्त मुरतं.