नागपूरहून ताडोब्याला मोटारहोमने जाताना

आधी सफारीचे ऑनलाइन आरक्षण हाती घ्यावे आणि मगच मोटारहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने ठरवावी, कारण गाडी मिळेलही, पण हव्या प्रवेशद्वाराची जागा ऐन उन्हाळ्यात मिळेलच असे नाही. ताडोबा मंगळवारी बंद असतो. पावसाळ्यात कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा गाभा, तोही बंद असतो. मोहर्ली प्रवेशद्वारासाठी बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावतीचा रस्ता धरावा, तर कोलारा प्रवेशद्वारासाठी उमरेड, भिसी, चिमूरचा.

सफारीला मोटारहोम चालत नाही, जिप्सीसारखी उघडी गाडी लागते, त्यामुळे मोटारहोम ही केवळ मुक्कामाची सोय समजावी आणि ती रात्री कुठे उभी राहील, तेथे वीजजोडणी मिळेल का, सांडपाणी कुठे सोडता येईल, हे रिसॉर्टला आधीच विचारून घ्यावे. जंगलाच्या कडेला वाटेल तेथे गाडी लावणे मुळीच चालत नाही. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवावी. गावातल्या लोंबत्या तारा आणि फांद्या एरवी लक्षातच येत नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याची गाडी दुपारी अक्षरशः भट्टी होते, म्हणून सावलीची जागा मागून घ्यावी आणि पाण्याची टाकी नागपुरातच भरावी. आरक्षणात दिलेले मूळ ओळखपत्र पहाटेच्या घाईत राहून जाते. ते आदल्या रात्रीच खिशात ठेवावे.