भांडलेल्या दोन गल्ल्यांचा एक धंदा कसा उभा करायचा

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-चोपडा पट्ट्यात ग्रामपंचायतीचं इलेक्शन झालं की वर्षभर अर्धं गाव अर्ध्या गावाशी बोलत नाही, यात नवीन काही नाही. मी बचत गटांचं काम करते त्यामुळे मला दोन्हीकडचा चहा प्यावा लागतो. तर पहिली गोष्ट, अशा गावात "सगळ्यांनी मिळूनमिसळून राहू" म्हणून मीटिंग घेऊ नका. मी घेतली होती एकदा, दहा वर्षांपूर्वीच्या बांधापासून सगळं उकरून निघालं आणि बाया जाताना नवीन भांडण घेऊन गेल्या.

त्यापेक्षा असं काम शोधा जे दोन-तीन जणींच्या हातून होतच नाही. आपल्याकडे ते आयतं आहे, बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड! ज्वारी भिजवा, कोंडा काढा, दळा, मग मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ, जिरं टाकून घाटा हाटा, म्हणजे पीठ शिजवत घोटा, आणि तो गरम आहे तोवरच ओल्या फडक्यावर थापा, गार झाला की संपलं, कडा फाटतात. म्हणजे एक हाटायला, एक गोळे द्यायला, चार-पाच थापायला, एक फडकी खाटेवर पसरायला. वाळले की फडक्याला मागून पाण्याचा हात फिरवून सोडवायचे, तेही एकटीचं काम नाही. हात पोळत असताना समोरची कोणत्या पार्टीची हे आठवत नाही हो, "पाणी दे वं माय" एवढंच तोंडातून निघतं.

आता सुरुवात कशी करायची. जुने बचत गट मोडू नका, त्यांचं बँक खातं आणि परतफेडीचा रेकॉर्ड म्हणजे कमाई आहे ती. दोन्ही गल्लीतल्या गटांमधून पाच-पाच, सहा-सहा जणी घ्या आणि धंद्यापुरता वेगळा गट करा. तडवी आदिवासी वाड्यातल्या बाया असतील तर त्यांना पहिल्या दिवसापासून घ्या, नंतर "यांनाही घेऊ" म्हटलं की त्यांना उपकार वाटतो, आणि बरोबरच आहे ते. जागा कोणाच्या घराची नको. एक बाई मला तोंडावर म्हणाली, "मी तिना घर नही जावाव." मग आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचं पटांगण मागून घेतलं, मुख्याध्यापकांनी दिलं, फक्त नळ नीट बंद करा म्हणाले.

खरी गंमत हिशेबात आहे, इथे घाई केली तर सगळं बोंबलतं. वही एका गल्लीकडे, पैशाच्या पेटीची चावी दुसऱ्या गल्लीकडे. बँकेत सह्या दोन्हीकडच्या. रोज काम संपलं की वही मोठ्याने वाचायची, हजेरी, ज्वारी किती किलो आली, बिबडे किती निघाले, फुटले किती. फुटलेले पण मोजायचे! आमच्याकडे पहिला वाद फुटलेल्यांवरूनच झाला, कोण घरी नेतं म्हणून. शेवटी ठरलं की चुरा शेंगदाण्यासोबत तिथेच सगळ्यांनी खायचा, मग वाद मिटला आणि चुरा पण. मजुरी आधी, नफा सीझन संपल्यावर, आणि स्वतःच्या घरची मजुरी न धरता "एवढा नफा झाला" असं सांगत फिरू नका, तो नफा नसतो.

कागदपत्रं: अन्न परवान्याचं साधं रजिस्ट्रेशन करून घ्या, छोट्या धंद्याला फी थोडीच असते, १४ आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा. उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, तालुका ऑफिसात गटाची नोंद असेल तर प्रदर्शनात स्टॉल मिळू शकतो. केंद्राने २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आणली, त्यात मशीन वगैरेला ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, आणि गटाच्या सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल (सुरुवातीचे पैसे) ठरलं होतं, पण फाईल करायच्या आधी ती आता चालू आहे का हे कृषी ऑफिसात विचारून घ्या. पहिल्याच वर्षी मशीन घेऊ नका. एका गावात घेतलेलं मशीन आज कोपऱ्यात आहे, त्याच्यावर गोधड्या वाळतात, हप्ते मात्र चालू.

विक्रीसाठी पुण्या-नाशिककडे गेलेला आपला खान्देशी माणूस पकडा, त्याला बिबडे म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. लग्नसराईत रुखवताची ऑर्डर घ्या. बिबडा प्रवासात फुटतोच, म्हणून पाकिटाऐवजी पुठ्ठ्याचा खोका परवडतो. पाऊस लागला की वाळवण बंद, तेव्हा केळीचे वेफर्स, रावेर-यावलला केळीला काय तोटा, पण तेलाचा भाव बघून.

भांडण तरी होणारच. आमचे नियम सांगते: कामाच्या जागी इलेक्शनचा विषय नाही, ग्रुपवर फॉरवर्ड नाही, फक्त ऑर्डर आणि हजेरी. वाद झाला तर आधी दोन्हीकडची एक-एक म्हातारी ऐकणार, नाही मिटलं तर गावाची तंटामुक्ती समिती, २००७ ची मोहीम आहे ती, बऱ्याच गावांत समिती फक्त बोर्डावर आहे पण तिला कामाला लावता येतं. मारहाण किंवा बाईवर हात टाकल्याचं प्रकरण असेल तर समिती-बिमिती नाही, सरळ पोलीस स्टेशन.

आणि दर सीझनला वही आणि चावीची गल्ली बदला, वही तिकडे, चावी इकडे. आमच्याकडे यंदा बदलायची होती तर दोघी म्हणाल्या राहू द्या ना, काय फरक पडतो. मी तरी बदललीच.