मोबाइलवर स्फोटाचा दणका परत आणला

गेममधला, हेडफोनवर छातीत बसणारा स्फोट मोबाइलच्या स्पीकरवर नुसता ‘फट्’ वाजायचा. त्याचा सगळा जोर ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे अगदी खालच्या सुरांत (बेसमध्ये). इवलासा स्पीकर तिथवर पोचतच नाही. बेस वाढवला तर आवाज फाटतो. म्हणून बेसच्या थरावर सॅच्युरेशन, म्हणजे आवाज मुद्दाम किंचित विकृत करणारा इफेक्ट, लावलं. त्यातून १०० पासून ३००-४०० हर्ट्झपर्यंत हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, तयार होतात आणि ते ऐकून खालचा मूळ सूर आपला मेंदूच भरून काढतो. मला तर ही फारच सुंदर गोष्ट वाटते!

राहिला आवाज एकमेकांत मिसळून होणारा गढूळपणा. पावलं आणि बटणांच्या आवाजांवर १२० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावला, म्हणजे त्याखालचे सूर गाळले. एफमॉड या गेमचे आवाज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्फोटाच्या इव्हेंटला (त्या आवाजाच्या नोंदीला) एका वेळी दोनची मर्यादा घातली; तिसरा आला की सर्वांत जुना थांबतो. आता प्रत्येक दणका सुटा ऐकू येतो.