तेल काढून इंजिन चालवायचं आणि ॲडिटिव्ह तपासायचं? या चुका टाळा

पोळ्याच्या आधीचा बाजार होता, अमळनेरचा. एकाने टेबलावर छोटं फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन मांडलं होतं. त्याने ऑइलमध्ये बाटलीतलं औषध, म्हणजे झीज कमी करतं म्हणून विकलं जाणारं ॲडिटिव्ह, ओतलं, इंजिन पाच मिनिटं चालवलं आणि सगळ्यांसमोर ड्रेन बोल्ट खोलला. ऑइल बरणीत उतरलं, इंजिन मात्र चालूच. गर्दीतून आवाज आला, "बिगर तेलनं चालस ना भो!" कापसाच्या कोळपणीचे दिवस, ज्याच्या त्याच्या घरी पॉवर वीडर किंवा फवारणी पंप. बाटल्या भराभर खपल्या.

मी गॅरेजवर परतलो आणि एका जुन्या पाणी उपशाच्या इंजिनात साधं २०डब्ल्यू-४० ऑइल भरलं. कुठलंही औषध न घालता पाच मिनिटं चालवलं, बोल्ट खोलला. चहा आला, पिऊन झाला, तरी ते चालूच होतं. शेवटी मीच बंद केलं.

तेव्हापासून बरीच पोरं माझ्याकडे अशी 'टेस्ट' करून येतात आणि निकाल सांगतात. त्यांची मेहनत खरी असते, पण बहुतेक निकाल पहिल्या दहा मिनिटांतच चुकलेले असतात. इंजिन बळी द्यायचंच असेल तर त्यातून काही कळायला तरी हवं, म्हणून हे लिहितोय.

ऑइल काढलं म्हणजे ऑइल संपलं, असं समजणं

सगळ्यात मोठी चूक ही. या छोट्या इंजिनांत बहुतेक वेळा ऑइल पंप नसतो. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखा डिपर असतो, तो दर फेऱ्याला ऑइलमध्ये बुडतो आणि ते सगळीकडे उडवतो. बोल्ट खोलल्यावर खालचं ऑइल जातं, पण बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर), पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत, क्रँकपिन (क्रँकचा रॉड बसतो तो दांडा) आणि रॉडच्या मधे, व्हॉल्व्हच्या बाजूला जे चिकटलेलं असतं ते राहतं. इंजिन बिनभाराचं हळू चालत असेल, तर तेवढ्या पातळ थरावर ते बराच वेळ निघतं.

म्हणून आधी तराजू आणा. भरताना ऑइलचं वजन करा, काढताना करा. जो फरक येईल तो अजून इंजिनातच आहे. १६३ सीसीच्या नेहमीच्या इंजिनात सुमारे ०.६ लिटर ऑइल बसतं. ते सपाट जागी दोन मिनिटं निथळवलं आणि तिरपं करून अर्धा तास निथळवलं, तर निकालात फार फरक पडतो. औषधासह आणि औषधाविना, दोन्ही वेळा बोल्ट तितकाच वेळ उघडा, इंजिन तितकंच गरम, कोन तोच. हे पाळलं नाही तर पुढचं सगळं वाया.

काही औषधं मुळात घट्ट, तारा सुटणारी असतात. ती धातूला जास्त चिकटतात, म्हणजे निथळल्यावर आत जास्त उरतात. मग इंजिन चार मिनिटं जास्त चालतं आणि आपण म्हणतो औषध भारी. प्रत्यक्षात आपण चिकटपणा मोजलेला असतो.

जोडीला साधं इंजिन न ठेवणं

औषध घातलेलं इंजिन वीस मिनिटं चाललं, या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. त्याच मॉडेलचं, तितकंच वापरलेलं दुसरं इंजिन, त्याच कॅनमधलं ऑइल घालून, औषधाविना, त्याच पद्धतीने रिकामं करून चालवायला हवं. ते किती चाललं? हाच प्रश्न बाजारात कोणी विचारत नाही.

एकाच इंजिनावर आधी साधी आणि मग औषधाची टेस्ट घेणारेही पाहिलेत. पहिल्या फेरीत बोअरला रेघा पडल्या असतील तर दुसरी फेरी सुरू होण्याआधीच हरलेली असते. उलट क्रमाने केलं, तर औषधाचा अंश साध्या फेरीत शिल्लक राहतो. आणि एकेका इंजिनावरून काही ठरवू नका. एकाच खोक्यातून आलेली दोन नवी इंजिनंसुद्धा सारखी चालत नाहीत. दोन्हीकडे तीन-तीन मिळाली तर बोलण्यात दम येतो. भंगारातून सहा सारखी इंजिनं जमवणं कठीण आहे, मला माहीत आहे, पण दोन इंजिनांवर छातीठोक बोलणं बरोबर नाही.

भार न देणं

टेबलावरचं इंजिन फक्त स्वतःला फिरवतं. शेतातला वीडर काळ्या मातीत फणी ओढतो. भार आला की पिस्टन बोअरच्या एका बाजूला दाबला जातो, रॉडच्या खालच्या टोकावर जोर येतो, उष्णता वाढते आणि तो पातळ थर फाटतो. बऱ्याच छोट्या इंजिनांत रॉड ॲल्युमिनिअमचा असतो आणि वेगळं बेअरिंग न बसवता थेट क्रँकपिनवर चालतो, त्यामुळे आधी तिथेच पकड बसते.

भार मोजता यावा म्हणून जनरेटर वापरा आणि त्याला ५०० वॉटचे दोन हॅलोजन लावा. मग दोन्ही इंजिनांना भार सारखाच मिळतो. पाण्याचा पंपही चालेल, पण विहिरीतली पातळी दोन्ही वेळा एकच हवी.

ऊन विसरणं

आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५च्या वर जातो, डिसेंबरच्या पहाटे तो १०च्या आसपास असतो. ही इंजिनं हवेवर थंड होतात. एक सकाळी सातला आणि दुसरं दुपारी दोनला चालवलं, तर तुम्ही औषध नाही, खान्देशचं ऊन तपासलंत. सिलिंडरच्या फिन्स, म्हणजे बाहेरच्या थंड करणाऱ्या पट्ट्या, आधी साफ करा. कापसाचे तंतू आणि केळीच्या वाळल्या पानांचा चुरा तिथे गच्च बसतो. स्पार्क प्लगखाली बसणारा तापमानाचा सेन्सर फार महाग नसतो. तो लावा आणि दर मिनिटाला आकडा लिहा.

इंजिन बंद पडलं, म्हणजे सीझ झालं (आतून जाम झालं)?

इथे घाई करू नका. आधी इंजिन चालू करायची दोरी हळूच ओढा.

दोरी सहज फिरते: इंजिन सीझ नाही. कित्येक इंजिनांत ऑइल कमी झालं की स्पार्क तोडणारा सेन्सर असतो. ऑइल काढताच इंजिन बंद पडलं तर बहुधा त्यानेच काम केलं. एका पोराने याच आधारावर "औषध निकामी" असा निकाल लावला होता. सेन्सर नसेल तर टाकी पाहा, मग टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक. झाकण सैल केल्यावर सूं आवाज येऊन इंजिन पुन्हा चाललं, तर दोष तिथे.

दोरी अडते, पण तासाभराने थंड झाल्यावर सुटते: पिस्टन फुगून बोअरमध्ये अडकला होता. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उघडा, उभ्या रेघा दिसतील.

थंड झाल्यावरही अडलेलीच: रॉडने क्रँकपिन धरली. पिनवर ॲल्युमिनिअम लिंपलेलं सापडेल.

मिनिटांचा आकडा कमी कामाचा, आतली झीज जास्त कामाची. टेस्टच्या आधी आणि नंतर वरची रिंग बोअरमध्ये त्याच खोलीवर पिस्टनने सरळ ढकलून बसवा आणि फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) तिची गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, मोजा. रिंगची कड ०.०१ मिमी झिजली की गॅप सुमारे ०.०६ मिमीने वाढते. एवढी बारीक झीज साध्या गेजने सापडते, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे.

चालत्या इंजिनाच्या बाजूला उभं राहू नका. रॉड तुटला तर क्रँककेस फोडून बाहेर येतो. बंद खोलीतही चालवू नका, सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. काढलेलं ऑइल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका, जुनं ऑइल नेणाऱ्याला द्या.

चुकीचा प्रश्न विचारणं

हे सगळं नीट केलंत, तरी उत्तर कशाचं मिळतं? ऑइल नसताना इंजिन किती तग धरतं, याचं. शेतकऱ्याला हवं असतं की ऑइल असताना शेकडो तास झीज कमी व्हावी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या ऑइलमध्ये झीज रोखणारं झिंकचं संयुग कंपनीनेच मापात घातलेलं असतं. वरून क्लोरीनवालं औषध ओतलं तर जोरदार दाबाखाली ते छान काम करतं, म्हणून फिरत्या चाकावर दांडा दाबून दाखवायच्या यंत्रावर ते बाजी मारतं. पण इंजिनाच्या उष्णतेत आणि ओलाव्यात त्यातून आम्ल तयार होऊ शकतं, आणि ते धातू खातं. टेफ्लॉनचं म्हणाल, तर तव्याला ते भट्टीत तापवून बसवावं लागतं. ऑइलमध्ये तरंगणारी पूड आपोआप तसा थर देत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये 'स्लिक ५०' या टेफ्लॉनवाल्या औषधाच्या जाहिरातींतले दावे पुराव्याविना केल्याचा आरोप ठेवला होता, आणि पुढच्या वर्षी ते प्रकरण तडजोडीने मिटलं.

मला विचाराल तर दोन सारखे वीडर घ्या, दोन्हींत पुरेसं ऑइल, एकात औषध. एक हंगाम एकाच शेतात चालवा, तास लिहा, वर टाकावं लागलेलं ऑइल लिहा, शेवटी रिंगची गॅप मोजा. वेळ लागतो, गर्दी जमत नाही.

त्या बाजारातली बाटली घेतलेले एक आप्पा दिवाळीच्या तोंडावर वीडर टेम्पोत घालून आले. दोरी जागची हलत नव्हती. "औषध व्हतं ना त्याच्यात," ते म्हणाले, "म्हणून मी ऑइल पाहिलं नाही." रॉड, क्रँक, पिस्टन, सगळं बदलावं लागलं. आता त्यांच्या वीडरच्या दांड्याला कायम एक फडकं बांधलेलं असतं, ऑइलची पातळी पाहायची डिपस्टिक पुसायला.