वनराई बंधारा घालण्याआधी काठ बघा

गणपती उठले आणि आमच्या वाडीत पुन्हा रिकाम्या गोण्या गोळा व्हायला लागल्या. गेल्या वर्षी ओहोळावर घातलेला वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा कच्चा बांध, ११ दिवस टिकला. ८ मीटरचा ओहोळ, ४० माणसांचं दोन दिवसांचं श्रमदान, आणि ११ दिवस. म्हणून यंदा सगळं आधीच लिहून काढतोय. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडच्या ज्या वाड्या हेच काम करणार असतील त्यांनीही वाचावं.

पाणी का अडवायचं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आपल्या पट्ट्यातही आषाढ-श्रावणात डोळे उघडू देत नाही, आणि तरी मार्च-एप्रिलमध्ये बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. खाली काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. आणि उतार असा, की मुरलेलं पाणीसुद्धा झिरपत ओहोळात उतरतं आणि निघून जातं. ओहोळ तुंबवला की हे झिरपणं मंदावतं, शेजारच्या विहिरी जास्त दिवस तग धरतात.

पहिलं काम गोण्या मोजायचं. मोजताना ओहोळाची रुंदी धरून थांबू नका. आम्ही तिथेच चुकलो. ८ मीटर रुंदी, मीटरभर उंची, असा हिशेब करून ३०० गोण्या जमवल्या. त्या काठापर्यंत बरोबर पुरल्या आणि काठाच्या आत एकही गेली नाही. बंधारा दोन्ही काठांत घुसलाच पाहिजे. दोन्हीकडे मीटरभर आत खाच खणायची, ओहोळाच्या तळापासून ते बंधाऱ्याच्या माथ्यापेक्षा हातभर वर. तिच्यात गोण्या बसवायच्या आणि उरलेली फट चिकणमातीने ठासायची. या खाचांसाठी ७० गोण्या वेगळ्या बांधा, त्यांच्यावर रंगाने खूण करा. भिंतीला कमी पडल्या तरी त्यांना हात लावू देऊ नका. भिंत वीतभर बुटकी राहिली तरी चालेल.

बाराव्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा बंधारा जसाच्या तसा उभा होता. एक गोणी हललेली नव्हती, आणि मागे पाण्याचा टिपूस नव्हता. डाव्या काठातून माणूस वाकून जाईल एवढी वाट पडली होती, वरून करंजाची धुतलेली मुळं लोंबत होती. ज्यांचा काठ गेला त्या मावशींचा नागलीचा बांधही दोन हात खाली आला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या गोण्या राहिल्या, माझा बांध गेला ना भाऊ." यंदा त्यांना विचारल्याशिवाय पहार लावायची नाही, आणि पहिल्यांदा त्यांचाच काठ बांधायचा.

त्या काठात खेकड्यांची बिळं होती. एरवी ती पाण्याच्या वर असतात. बंधारा भरला की पाणी बिळात शिरतं, पलीकडून बारीक धार निघते, धार माती घेऊन जाते, आणि रात्रीतून बिळाचा बोगदा होतो. म्हणून खाच खणायच्या आदल्या दिवशी दोन माणसांनी फक्त बिळं शोधायची, बंधाऱ्याच्या वर-खाली १० मीटरपर्यंत. प्रत्येक बीळ मनगट आत जाईल एवढं उकरायचं आणि चिकणमातीचे गोळे काठीने ठासत भरायचं. नुसता दगड कोंबू नका, दगडाच्या कडेने पाणी जातंच. हे काम लहान वाटतं, म्हणून पोरांवर सोपवलं जातं. तसं करू नका, ज्याला काठ कळतो असा माणूस लावा.

विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला घ्या. जागेला संमती, श्रमदानाचा दिवस, आणि पाणी कोण कसं वापरणार, तिन्ही तिथेच ठरवा. आमच्याकडे साचलेल्या पाण्यावर इंजिन बसवायचं नाही असं ठरलंय. गुरं पितील, धुणं होईल, बाकीचं विहिरींना. हे आधी बोलला नाहीत तर डिसेंबरात भांडण होतं. खालच्या वाडीलाही कळवा. भरेपर्यंत त्यांच्याकडची धार बारीक होणार.

दिवस फार थोडे मिळतात. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उघडतो, आणि भाताची कापणी लागली की माणूस मिळत नाही. मधले आठ-दहा दिवस तुमचे. उशीर केला तर धारच आटते, मग अडवायला काही राहत नाही.

जागा अरुंद, काठ उंच, तळाला खडक किंवा घट्ट मुरूम. वाळू असेल तर घट्ट थर लागेपर्यंत उपसा, नाहीतर पाणी खालून जाईल. आणि काठ भुसभुशीत असला तर बाकी सगळं कितीही चांगलं असो, ती जागा सोडा.

गोण्या सिमेंटच्या किंवा खताच्या; ओहोळापासून लांब झटकून घ्या. पाऊणच भरा, गच्च भरलेली गोणी गोल होते आणि बसत नाही. तोंड सुतळीने शिवा. विटांसारखी सांधेमोड करत दोन भिंती उचला, मध्ये काळी माती भरून पाणी मारत तुडवा. बूड रुंद, माथा निमुळता. माथ्याला मध्यभागी एक थर कमी ठेवा, म्हणजे जादा पाणी मधून सांडेल. मध्ये वाट दिली नाही तर ते काठाकडे जाईल, आणि काठाचं काय होतं ते वर लिहिलंय.

फावडी, पहारी, घमेली, चहा, भाकरी ज्याची त्याला ठाऊक.

बंधारा भरला की पहिले १५ दिवस रोज सकाळी एकाने दोन्ही काठांवरून खालच्या बाजूने चालायचं. गढूळ धार दिसली की त्याच तासाला माती टाकायची. स्वच्छ झिरपा चालतो, गढूळ नाही.

विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडून पातळी लिहून ठेवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये मोजते, तेच महिने धरा.

मेअखेर गोण्या काढा. उन्हाने त्यांचा भुगा होतो आणि पहिल्या पुरात तो खालच्यांच्या भातखाचरात जातो. खाचा उघड्या ठेवू नका. मातीने भरून, चोपून, वर दगड रचा. जूनचा पूर तिथूनच शिरेल. मावशींच्या बाजूची आधी.