न खपलेली जागा दुसऱ्या एजंटाला देताना

हळदोण्याचं एक जुनं घर माझ्याकडे अकरा महिने पडून होतं. मी गोव्यातल्या फोंड्याचा एजंट. माझ्याकडे येणारी माणसं कुर्टी, फर्मागुडी, ढवळीत दोन बेडरूमचा फ्लॅट मागतात. बार्देशातल्या कौलारू घराचं त्यांना काय? तरी दलाली वाटून घ्यावी लागेल म्हणून मी ते धरून बसलो. आता तीन महिन्यांत एकही पार्टी दुसऱ्यांदा बघायला आली नाही, की बार्देशातल्या म्हापशाच्या एजंटाला फोन लावतो.

त्याआधी जागा का अडलीय ते बघा. भाव जास्त असेल तर मालकाशी बसा, दुसरा एजंट जादू करणार नाही. कागद अडले असतील तर ते आधी सोडवा, निदान सांगून तरी टाका. हळदोण्याच्या घराचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, अजून आजोबांच्या नावावर होता, इन्व्हेंटरी म्हणजे वारसांतली कोर्टातली वाटणी झालेली नव्हती. आपल्या गोव्यात विकताना नवराबायको दोघांची सही लागते. चार भावंडं, चौघांची लग्नं झालेली, म्हणजे आठ सह्या, त्यातली दोन माणसं पोर्तुगालात. आवारात मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारं कायद्याने संरक्षित कूळ, आहे का, हेही विचाराच. हे लपवलंत तर समोरच्याला टोकनच्या दिवशी कळतं आणि तो पुन्हा तुमचा फोन उचलत नाही.

मग मालकाची परवानगी. मालकीणबाईंना मी सरळ म्हटलं, ‘बाई, माझ्याकडे तुमचं गिऱ्हाईक नाही, म्हापशात आहे. दलाली तुम्हाला जास्त पडणार नाही.’ शेवटचं वाक्य विसरू नका, त्यांना तेवढंच ऐकायचं असतं.

सगळ्यात जास्त घोळ भावात होतो. एकदा मी एक प्लॉट तिघांना तोंडी दिला. पंधरा दिवसांत व्हॉट्सॲपवर त्याचे तीन भाव फिरत होते, एक तर मालकाच्या भावापेक्षाही कमी! गिऱ्हाईक म्हणालं, थांबू या, अजून उतरेल. तो प्लॉट मी पुढे विकलाच नाही. म्हणून आता एकालाच देतो आणि लिहून देतो:

‘हळदोणे घर. भाव १ कोटी ८० लाख, मालकाला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. मालकाकडून येणारी २ टक्के दलाली निम्मी निम्मी. तुमच्या पार्टीकडची तुमची. मुदत ३ महिने. कबूल असेल तर उत्तर द्या.’

निम्मी कशी? कागद मी सांभाळतो म्हणून. नुसता नंबर जोडून दिला तर पाव हिस्साच मागावा. त्याहून जास्त मागितलं तर समोरचा मनापासून दाखवत नाही.

रेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट असेल तर समोरच्याचा रेरा नोंदणी क्रमांक आधी मागा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय एजंटाला तो विकायला मदत करता येत नाही.

चावी मी एजंटाला देत नाही, शेजारणीकडे ठेवतो. तिच्याकडे एक वही असते: तारीख, पार्टीचं नाव, कोणी आणलं. तीच पार्टी पुढच्या महिन्यात माझ्यामार्फत आली, तर पहिलं नाव ज्याने लिहिलं त्याची ती.